दोष डायचा की ठोक्याचा?

आधुनिक नाण्यांमधल्या डाय व्हरायटींबद्दल, म्हणजे नक्षी उमटवणाऱ्या पोलादी ठशातल्या (डायमधल्या) फरकांमुळे बनणाऱ्या प्रकारांबद्दल, वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं. निम्म्याहून अधिक पत्रं ‘अक्षरं दुहेरी दिसतात’ याच विषयावर होती, त्यामुळे ते उत्तर सर्वांत लांबलं आहे.

प्रश्न : एकाच सालच्या दोन नाण्यांत फरक दिसला की ती डाय व्हरायटी समजायची का? एरर आणि व्हरायटी यांत नेमकं काय वेगळं असतं?

फरक डायवर असेल तर व्हरायटी, एरवी नाही. ठोका बसताना चकती (नक्षी उमटण्याआधीचा कोरा धातू) सरकली, अर्धवट कापलेली चकती आत गेली, डाय आणि चकतीच्या मध्ये कापडाचा तुकडा अडकला, तर ते एकच नाणं बिघडतं आणि पुढचं पुन्हा ठाकठीक पडतं. हा एरर. डायवरच काही कोरलं गेलं असेल, तुटलं असेल किंवा घासलं गेलं असेल, तर ती डाय बदलेपर्यंत पडणाऱ्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी तीच खूण उतरते. म्हणून व्हरायटीची खरी परीक्षा म्हणजे तंतोतंत तशीच खूण असलेलं दुसरं नाणं सापडणं.

त्यासाठी डाय कशी बनते हे डोक्यात पक्कं हवं. मूळ नक्षीवरून आधी मास्टर हब बनतो. त्यावर नक्षी नाण्यासारखीच, उठावदार आणि सुलट असते. तो पोलादात दाबला की मास्टर डाय तयार होते, तिच्यात नक्षी खोल आणि उलटी. मास्टर डायवरून वर्किंग हब, वर्किंग हबवरून वर्किंग डाय, आणि वर्किंग डायने नाणी. गडबड या साखळीत जितकी वर, तितकी ती जास्त नाण्यांवर पसरते. मास्टर डायमधली चूक सगळ्या वर्किंग डायमध्ये जाते. एकाच वर्किंग डायमधली चूक तेवढ्या डायच्या नाण्यांपुरती राहते, आणि संग्राहक शोधतात ती बहुधा हीच.

नक्षीच बदलली तर ती वेगळी गोष्ट. अमेरिकेच्या एक सेंटवर ‘अमेरिका’ या शब्दातली ‘ए’ आणि ‘एम’ ही अक्षरं काही नाण्यांवर जवळजवळ चिकटलेली, तर काहींवर सुटी असतात. १९९८, १९९९ आणि २००० सालच्या काही साध्या सेंटवर ती सुटी आहेत, कारण प्रूफ नाण्यांसाठी (संग्राहकांसाठी खास पाडलेल्या नाण्यांसाठी) ठेवलेल्या मागच्या बाजूच्या डाय चलनी नाण्यांसाठी वापरल्या गेल्या. इथे डायमध्ये दोष काहीच नाही, डाय फक्त चुकीच्या जागी लागली. तरी संग्राहक तिला व्हरायटीच मानतात आणि आमच्या मते ते बरोबर आहे.

प्रश्न : माझ्याकडच्या नाण्यावर साल आणि अक्षरं स्पष्ट दुहेरी दिसतात. हा डबल्ड डाय आहे हे खात्रीने कसं ठरवायचं?

बहुतेक वेळा तो नसतो. म्हणून आधी बाकीच्या शक्यता बाद करायच्या, आणि उरलाच तर डबल्ड डाय म्हणायचं.

पूर्वी हबच्या एका दाबात डायवर पूर्ण खोल नक्षी उतरत नसे. एक दाब दिला की पोलाद कडक व्हायचं, मग डाय तापवून नरम करायची आणि पुन्हा हबखाली ठेवायची. दुसऱ्या वेळी ती किंचित फिरली किंवा सरकली, तर दुसरा ठसा पहिल्यावर नेमका बसत नसे. हाच डबल्ड डाय. अशा डायमध्ये अक्षराच्या दोन्ही प्रती खोदलेल्या असतात आणि ठोका बसताना धातू दोन्हींत भरतो. म्हणून नाण्यावर दोन्ही प्रती उठावदार, गोलसर पाठीच्या आणि भरीव दिसतात.

भिंगाखाली अक्षराचा मधला भाग पाहू नका. टोकाकडे जा, जिथे उभी रेघ संपून आडवं पाऊल फुटतं तिथे. डबल्ड डाय असेल तर त्या पावलाला एकाऐवजी दोन कोपरे दिसतात आणि दोघांच्या मध्ये एक बारीक खाच असते. ही खाच हा सर्वांत भरवशाचा पुरावा. दुसरी खूण जाडीची. डबल्ड डायमधलं अक्षर साध्या नाण्यावरच्या अक्षरापेक्षा जाड असतं, निदान तेवढं तरी असतंच. बारीक कधीच होत नाही.

आता नेहमी फसवणारा प्रकार, म्हणजे मशीन डबलिंग. डाय पकडीत ढिली असली की ठोका बसल्याबरोबर ती किंचित सरकते किंवा थरथरते आणि नुकत्याच उठलेल्या अक्षराची एक बाजू दाबून, घासून टाकते. इथे अक्षराची दुसरी प्रत तयार होत नाही, पहिल्याचाच धातू बाजूला ढकलला जातो. त्यामुळे अक्षराशेजारी सपाट, चकचकीत पायरी दिसते. ती नाण्याच्या पृष्ठभागाच्या जेमतेम वर असते आणि तिला गोलाई नसते. खाच नसते. मुख्य म्हणजे उरलेलं अक्षर नेहमीपेक्षा बारीक झालेलं असतं, कारण पायरीचा धातू त्याच्यातूनच गेलेला असतो. त्याच सालचं साधं नाणं शेजारी ठेवून जाडी ताडून पाहिली की निम्मे वाद तिथेच मिटतात.

तिसरा प्रकार झिजलेल्या डायचा. ठोक्यागणिक धातू डायच्या पृष्ठभागावरून बाहेर, कडेच्या दिशेने सरकतो. लाखो ठोक्यांनंतर डायवर केंद्राकडून कडेकडे जाणाऱ्या रेषा उमटतात आणि कडेजवळच्या अक्षरांच्या बाजू खचतात. नाण्यावर अशी अक्षरं सुजल्यासारखी दिसतात, त्यांच्या भोवती धूसर दुसरी रेघ असते आणि मोकळी जागा संत्र्याच्या सालीसारखी खरखरीत होते. दुहेरी कड कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे नक्की सांगता येत नसेल, तर झीज समजा.

एकाच सालात खरा आणि खोटा दोन्ही प्रकार पाहायचे असतील तर १९५५चं अमेरिकन एक सेंट घ्या. त्या सालच्या प्रसिद्ध डबल्ड डायवर दर्शनी बाजूचं सालाचे आकडे धरून सगळं लिखाण इतकं सुटं दुहेरी आहे की भिंगाशिवाय वाचता येतं. त्याच सालच्या झिजलेल्या डायच्या नाण्यांवर फक्त शेवटच्या पाचाला सावलीसारखी दुसरी कड दिसते. या दुसऱ्या प्रकाराला गमतीने ‘गरिबाचा डबल्ड डाय’ म्हणतात, आणि नवखे संग्राहक तोच खरा समजून घेतात.

टांकसाळ-चिन्ह (नाणं कुठल्या टांकसाळीत पडलं ते सांगणारं अक्षर) असलेल्या जुन्या अमेरिकन नाण्यांवर आणखी एक पक्की कसोटी लागू होते. १९८९पर्यंत सेंटवरचं टांकसाळ-चिन्ह प्रत्येक वर्किंग डायवर हाताने, वेगळ्या ठशाने उमटवलं जात असे, आणि तेही हबिंग, म्हणजे डायवर हबचा दाब, झाल्यावर. म्हणजे हबिंगमध्ये अक्षरं दुहेरी झाली तरी चिन्हाला काही होण्याचं कारण नाही. १९६९ सालचा ‘एस’ चिन्हाचा डबल्ड डाय याचं उत्तम उदाहरण आहे, त्यात साल आणि अक्षरं दुहेरी पण ‘एस’ एकेरी. उलट त्याच सालची मशीन डबलिंगची नाणी भरपूर मिळतात, आणि त्यांच्यावर साल ज्या दिशेला घसरलंय त्याच दिशेला ‘एस’ही घसरलेला असतो. साल आणि चिन्ह दोन्ही एकाच दिशेला, एकाच प्रमाणात दुहेरी दिसले तर भिंग खाली ठेवायला हरकत नाही.

दुहेरीपणा कसा पसरला आहे तेही पाहा. डाय केंद्राभोवती फिरली असेल तर कडेची सगळी अक्षरं एकाच फिरत्या दिशेने दुहेरी होतात. कडेजवळच्या एखाद्या बिंदूभोवती फिरली असेल तर त्या बिंदूपाशी काहीच दिसत नाही आणि समोरच्या बाजूला फरक सर्वांत जास्त असतो. डाय सरळ सरकली असेल तर सगळीकडे एकच दिशा, मग ती वरची असो वा डावीकडची. मशीन डबलिंगमध्येही कधी फिरती दिशा दिसते, त्यामुळे नुसत्या दिशेवर निकाल देऊ नका. पण दिशांचा मेळच बसत नसेल तर डबल्ड डाय नाही, एवढं नक्की सांगता येतं.

हल्ली डाय एकाच दाबात बनतात, मग आता डबल्ड डाय होतच नसतील असं काहींना वाटतं. होतात, पण छोटे. डायच्या पोलादी ठोकळ्याचं तोंड शंकूसारखं असतं आणि हब प्रथम त्याच्या मधोमध टेकतो. त्या क्षणी ठोकळा किंचित कललेला असेल तर आधी एक हलका ठसा उमटतो आणि मग ठोकळा सरळ होऊन पूर्ण दाब बसतो. म्हणून नव्या नाण्यांवर दुहेरीपणा कडेला शोधू नका. तो मध्यभागी, चेहऱ्याच्या कानापाशी, इमारतीच्या खांबांत किंवा हाताच्या बोटांत सापडतो.

मुलामा दिलेल्या नाण्यांबाबत एक सूचना. १९८२नंतरच्या अमेरिकन सेंटमध्ये आत जस्त आणि वर तांब्याचा पातळ थर असतो. ठोक्याच्या ताणाने तो थर अक्षराच्या कडेला फाटतो आणि खालचं करडं जस्त अक्षराच्या सावलीसारखं दिसतं. रंग वेगळा दिसला की ते डबलिंग नाही.

प्रश्न : हजारपट मोठं दाखवणारा डिजिटल मायक्रोस्कोप घेतला. आता प्रत्येक नाण्यावर काहीतरी दिसतंय! उपकरणं कोणती वापरावीत?

प्रत्येक नाण्यावर काहीतरी असतंच, अडचण तीच आहे. कामाची पटी पाचपासून दहापर्यंत. रोजच्या चाळणीला सातपट भिंग आणि खात्रीला दहापट. दोन्ही डोळ्यांनी पाहायचा स्टिरिओ मायक्रोस्कोप असेल तर दहा ते चाळीसपट पुरे, त्यापुढे फक्त धातूचे ओरखडे दिसतात. दहापट भिंगातून न दिसणारी डबलिंग बहुधा कुणाला नकोच असते.

पटीपेक्षा प्रकाशावर लक्ष द्या. वर्तुळात बसवलेल्या एलईडींचा दिवा वापरू नका. त्यातला प्रत्येक एलईडी अक्षराची वेगळी सावली पाडतो आणि एकेरी अक्षर तिहेरी भासतं. एकच दिवा, तोही बाजूने तिरका. नाणं कडेने धरून दिव्याखाली सावकाश पूर्ण फिरवा. खरी दुहेरी कड नाणं फिरवलं तरी जागच्या जागी राहते, भास असेल तर दिव्याबरोबर जागा बदलतो.

तिसरं उपकरण वजनकाटा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा. १९८२ साली अमेरिकेत सेंटचा धातू बदलला. जुनं तांब्याचं ३.११ ग्रॅम, नवं जस्ताचं २.५ ग्रॅम. त्याच साली सालाच्या आकड्यांचे मोठे आणि लहान असे दोन प्रकारही होते. दोन धातू, दोन आकार आणि टांकसाळी यांच्या जुळण्या काटा नसेल तर वेगळ्या करता येत नाहीत. ‘डी’ चिन्ह, लहान साल आणि तांबं या जुळणीचं नाणं मुळात असायलाच नको होतं, तरी २०१६ साली ते उजेडात आलं. काट्यावर रोज वापराआधी वजनाचं माप ठेवून खात्री करा, कारण बॅटरी उतरली की स्वस्त काटे चुकतात.

प्रश्न : नाण्यावरची रेघ डायला गेलेल्या तड्याची आहे की नुसता ओरखडा?

रेघ उठलेली आहे की खोल, एवढंच पाहा. डायमध्ये जे खोल ते नाण्यावर उंच. तडा, चरा, पॉलिश करताना पडलेल्या बारीक रेषा हे सगळं डायमध्ये खोल असतं, म्हणून नाण्यावर उठून दिसतं. नाण्यावर खोल असलेली रेघ बहुधा टांकसाळीबाहेर पडल्यावरचा ओरखडा असतो. तिरक्या प्रकाशात नाणं फिरवलं की उंचवटा आणि खड्डा यांची उजळ बाजू एकमेकांच्या उलट पडते, त्यावरून ओळखू येतं.

तड्याची रेघ वेडीवाकडी असते, अक्षरावरून आणि मोकळ्या जागेवरून सारखीच जाते आणि बहुधा कडेला पोहोचते. पुढे तड्याची दोन्ही टोकं कडेला भिडली की मधला तुकडा सैल होतो आणि शेवटी गळून पडतो. त्या जागी डायमध्ये पोकळी राहते, धातू तिच्यात शिरतो आणि नाण्याच्या कडेला नक्षी नसलेला गुळगुळीत फुगवटा उठतो. त्याला इंग्रजीत ‘कड’ (cud) म्हणतात, ही मराठीतली कड नव्हे. पडताळायला नाणं उलटून अगदी त्याच जागची मागची बाजू पाहा. खऱ्या ‘कड’मध्ये तिथली नक्षी अस्पष्ट असते, कारण धातू पलीकडच्या पोकळीत गेलेला असतो. मागची नक्षी तीक्ष्ण असेल तर तो फुगवटा उष्णतेने किंवा बाहेरच्या माराने आलेला समजा.

एकाच डायचा बारीक तडा, रुंद तडा आणि शेवटी ‘कड’ असे टप्पे जमवणं हा व्हरायटींचा सर्वांत समाधान देणारा प्रकार आहे, असं आमचं मत. नाणी कुठल्या क्रमाने पडली ते त्यातून प्रत्यक्ष दिसतं.

प्रश्न : चेहऱ्यासमोर मागच्या बाजूच्या नक्षीच्या पुसट रेषा दिसतात. हे काय?

मध्ये चकती न येता दोन्ही डाय एकमेकींवर आदळल्या की एकीची बाह्यरेषा दुसरीवर उमटते, आणि पुढच्या नाण्यांवर ती उतरत राहते. याला डाय क्लॅश म्हणतात. दोन्ही बाजूंचे सारख्या आकाराचे फोटो काढा, मागच्या बाजूचा फोटो आरशातल्यासारखा उलटा करा आणि दर्शनी बाजूवर अर्धपारदर्शक ठेवा. रेषा नक्षीशी जुळल्या तर क्लॅश. नुसती उलटी अक्षरं असतील, ती खोल रुतलेली असतील आणि जागा जुळत नसेल, तर कुणीतरी दोन नाणी शिकंज्यात धरून आवळली आहेत.

क्लॅशच्या खुणा घालवायला टांकसाळीत डाय घासतात आणि त्यातून कधी नवीच व्हरायटी जन्मते. १९३७ सालच्या ‘डी’ चिन्हाच्या अमेरिकन पाच सेंटवरच्या गव्याचा पुढचा एक पाय असाच घासण्यात गेला. पाय खरवडून केलेली खोटी नाणीही फिरतात. खऱ्या नाण्यावर पायाची जागा गुळगुळीत असते आणि पोटाखालून जमिनीकडे उठावदार ठिपक्यांची तिरकी रांग जाते. खोट्यावर खरवडल्याच्या खोल रेघा सापडतात.

प्रश्न : दोन युरोच्या काठावरची अक्षरं उलटी आहेत. दुर्मीळ आहे का?

नाही. काठावरची अक्षरं ठोक्याच्या आधीच चकतीवर उमटवलेली असतात आणि चकती ठोक्याखाली कुठल्या बाजूने जाईल हे कुणी ठरवत नाही. दोन्ही प्रकार सारखेच सर्रास मिळतात.

प्रश्न : नाण्याची मागची बाजू तिरकी आहे. कोन कसा मोजायचा?

आधी त्या देशाची पद्धत माहीत हवी. ब्रिटिश आणि युरो नाणी डावी-उजवी उलटली की मागची बाजू सरळ दिसते. अमेरिकन नाणी वर-खाली उलटावी लागतात. बरेच ‘१८० अंशांचे’ शोध इथेच निकालात निघतात.

नाणं पारदर्शक पाकिटात घट्ट बसवा, दर्शनी बाजू सरळ करून पाकिटावर वर आणि खाली पेनाने खूण करा, मग योग्य दिशेने उलटून मागच्या बाजूचा कल कोनमापकाने मोजा. नोंद करताना दिशाही लिहा, घड्याळाच्या की उलट. साधारण १५ अंशांच्या आतल्या फरकाकडे संग्राहक फारसं लक्ष देत नाहीत. पकडीत ढिली झालेली डाय हळूहळू फिरत राहते, त्यामुळे एकाच डायजोडीची नाणी वेगवेगळ्या कोनांत सापडतात, आणि म्हणून नोंदीत एकच ठाम कोन मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न : नाण्यावर सालच नाही. चुकीची डाय लागली असेल का?

लागते कधी कधी. ब्रिटनच्या वीस पेन्सवर २००८ साली नक्षी बदलली आणि साल मागच्या बाजूवरून दर्शनी बाजूवर आलं. काही नाण्यांना मागची डाय नवी आणि दर्शनी डाय जुनी लागली, त्यामुळे साल कुठेच उरलं नाही. तपासणी सोपी आहे. मागे ढालीचा तुकडा असलेली नवी नक्षी आणि दर्शनी बाजूवर साल नाही, तरच ते नाणं. मागे जुना मुकुटधारी गुलाब असेल तर साल त्याच बाजूला आहे, नीट पाहा.

चुकीची डाय लागली तरी साल जातंच असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या २००० सालच्या काही एक डॉलर नाण्यांना दर्शनी डाय दहा सेंटची लागली. दहा सेंट २३.६ मिलिमीटरचं आणि डॉलर २५ मिलिमीटरचा, म्हणून दर्शनी बाजूला कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं.

वीस पेन्सच्या त्या नाण्यांच्या डायवर सालाचे आकडे नव्हतेच. पण बहुतेक वेळा गायब आकड्याचं कारण डायमध्ये साचलेलं वंगण असतं. तेव्हा तिरक्या प्रकाशात आकड्याची पुसट सावली, निदान एखादं टोक दिसतं. वंगण थोड्या ठोक्यांनी निघून जातं, म्हणून ते व्हरायटीत धरत नाहीत.

प्रश्न : व्हरायटी तपासण्याआधी नाणं स्वच्छ करावं का?

घासू नका, पॉलिश तर नकोच. चिकट थर असेल तर काचेच्या भांड्यात शुद्ध ॲसिटोन घेऊन नाणं काही मिनिटं बुडवा, मग ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा खळबळून कापडावर हवेत वाळू द्या. खिडकी उघडी, जवळपास ज्योत नको आणि भांडं प्लास्टिकचं नको. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत नाणी ठेवू नका, त्यांतूनच हिरवा चिकट थर येतो.

प्रश्न : नोंदवलेल्या व्हरायटीशी माझं नाणं जुळतं की नाही, हे कसं ठरवायचं?

मुख्य खुणेवर थांबू नका. एकाच सालात अनेक डबल्ड डाय असू शकतात आणि मुख्य खूण वर्णनात सारखीच वाटते. खरी ओळख पटते ती आडवळणाच्या बारीक खुणांनी, म्हणजे एखादा चरा, तुटका कण, टांकसाळ-चिन्हाची सालापासूनची नेमकी जागा. १९७२च्या अमेरिकन सेंटचा सर्वांत ठळक डबल्ड डाय ओळखायला लोक आधी मागची बाजू पाहतात, तिथे ‘युनायटेड’मधल्या ‘डी’च्या वर कडेजवळ डायचा एक छोटा चरा आहे. अशा खुणा खोट्या नाण्यांवर सहसा राहून जातात.

मात्र दोन्ही बाजूंच्या डाय एकाच वेळी बदलतात असं नाही. दर्शनी डाय तीच आणि मागची दुसरी, अशीही नाणी निघतात. मागची खूण न जुळल्यास दर्शनी बाजूच्या बारीक खुणा पाहूनच निर्णय द्या. शिवाय डायचं वय लक्षात घ्या. सुरुवातीच्या नाण्यांवर पॉलिशच्या बारीक रेषा असतात, त्या काही हजार ठोक्यांनी पुसल्या जातात आणि तडे नंतर येतात. नोंदीतल्या फोटोत तडा आहे आणि तुमच्या नाण्यावर नाही, तर ते नाणं आधीचं असू शकतं. उलट फोटोत तडा नसून तुमच्याकडे असेल तर नंतरचं. तडा आहे-नाही एवढ्यावर जुळणी फेटाळू नका, पण टांकसाळ-चिन्हाची जागा हललेली दिसली तर लगेच फेटाळा, हाताने उमटवलेलं चिन्ह त्या डायपुरतं कधी हलत नाही.

पाकिटावर साल, चिन्ह, वजन, खुणेची जागा घड्याळाच्या आकड्यांनी (‘कडेजवळ, चार वाजता’) आणि डायचा टप्पा एवढं लिहा. त्याच सालची दोन साधी नाणी शेजारच्या पाकिटांत ठेवा, एक ताज्या डायचं आणि एक झिजलेल्या डायचं. पुढच्या वेळी तुलनेला तीच लागतील.